पायऱ्यांना हात लावायचा नाही

पायऱ्यांना हात लावायचा नाही, हे मी येणाऱ्या प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरला चहाच्या आधी सांगत होते. चहा नंतर, आधी हे ऐका. खाली खडी पडू दे, वाळू पडू दे, सिमेंट येऊ दे, माणसं येऊ देत, मगच वर चढणाऱ्या पायऱ्या काढायच्या. ज्याला जमत नसेल त्याने आल्या वाटेने परत जावं. "अगो मथुरा, लोक काय म्हणतले," आमचे हे म्हणायचे. म्हणू देत! लोकांचं काय जातंय? पोर माझी आहे.

आमचं घर टेकाडावर. खालच्या डांबरी रस्त्यापासून वर खळ्यापर्यंत, म्हणजे अंगणापर्यंत, चिऱ्याच्या पायऱ्या, माझ्या सासऱ्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेल्या. त्याही सरळ नाहीत, मध्ये मोठं वळण घेऊन चढतात. एका अंगाला दगडी गडगा, दुसऱ्या अंगाला घळ. घराच्या मागे नुसता कातळाचा कडा. म्हणजे जायचं-यायचं तर हीच एक वाट. गॅसचा सिलिंडर खांद्यावरून येतो, तांदूळ डोक्यावरून येतो आणि आजारी माणूस खुर्चीत बसून उतरतो. इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं. अपेक्षाला दिवस गेले आणि त्या दिवसापासून मला त्या पायऱ्यांची भीती बसली.

अपेक्षा माझी एकुलती एक. कसालला दिली आहे. जावई समर्थ गुणाचा, घर हायवेला लागून. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत, आणि मी तिच्यासाठी माडीखालची खोली रंगवून ठेवली होती. पाळण्याला नवीन दोर लावला होता. पण विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "पहिला बाळंतपण म्हायेराक, माका मान्य आसा. पण तुमच्याकडे गाडी वर जायना. रस्तो होवंदे, मगे खुशाल न्या." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बाई खरं बोलत होती, म्हणूनच जास्त झाला.

खरं का बोलत होती, ते आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तुळसामुळे. तुळसा म्हणजे शेजारच्या टेकाडावरची सून. तीन वर्षांपूर्वी त्यांनीही घरापर्यंत रस्ता करायला घेतला होता. आता आमच्याकडच्या कॉन्ट्रॅक्टर लोकांची एक तऱ्हा आहे. काम दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी जेसीबी आणतात आणि खणून ठेवतात. एकदा खणलं की मालक जातोय कुठे? दुसऱ्याच्या अर्ध्या कामाला तिसरा कोणी हात लावत नाही. मग हा आपला निवांत निघून जातो, आणखी कुणाचं तरी काम खणून ठेवायला.

तुळसाच्या घरच्या पायऱ्या अशाच उखडून पडल्या होत्या आणि श्रावणात तिला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी तिला चिखलातून उतरवलं. खुर्ची दोनदा कलंडली. खाली ॲम्ब्युलन्स दिवा फिरवत उभी होती, आम्हाला वरून दिसत होती, आणि आम्ही तिथवर पोचत नव्हतो. मूल गाडीतच झालं. मी तिच्या उशाशी होते. "काकी, रडला काय? काकी, रडला काय?" ती एकसारखी विचारत होती. मूल रडलं नाही. त्यानंतर ती माणसं खाली रस्त्यालगत भाड्याने राहायला आली, आणि तुळसा कुणाच्या बारशाला गेली नाही. मी मात्र अजून जेसीबीचा आवाज आला की हातातलं काम टाकून खळ्याच्या कडेला धावते.

तर असं असताना मी कॉन्ट्रॅक्टर शोधत होते.

पहिला आला दीपेश. पांढरी गाडी, काळा चष्मा. गाडीतून उतरला, मान वर करून टेकाडाकडे बघितलं, आणि खालूनच आकडा सांगितला. एक पायरी चढला नाही.

"वर येऊन बघूचा नाय?" मी विचारलं.

"काकी, नजरेत येता सगळा. अशी शंभर कामा केलंय."

"मग लिहून द्या. काय काय करणार, कधी सुरू, कधी पुरं."

"व्हॉट्सॲपवर टाकतंय," म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मला गुलाबाचं फूल आणि सुप्रभात येऊ लागलं. कोटेशन काही आलं नाही. अपेक्षाला सातवा लागला होता, आणि मी रोज त्या गुलाबाला शिव्या घालत होते.

दुसरा निलेश, शिरोड्याचा. तो भर उन्हात पायऱ्या चढून आला, टेप लावून माप घेतलं, वळणापाशी खूप वेळ उभा राहिला. पावसाचं पाणी कुठून येतं, घळ कुठे भरते, सगळं विचारलं. मला बरं वाटलं. म्हटलं, आहे बाबा एक तरी माणूस! खळ्यात बसून त्याने सोलकढी घेतली आणि म्हणाला, "वयनी, लिहून देतंय. पण आधीच सांगतंय, पावसाच्या आत होवचा नाय. वळणाक भिंत बांधूक होयी, ती भिजवक होयी, मुरूक होयी. ती नसताना गाडी चढवलास तर गाडी घळीत जातली. दिवाळीनंतर करूया."

"दिवाळीनंतर माझं नातवंड चालायला लागेल!" मी ताडकन बोलले.

"चलाक लागांदे की. पण आताच्या आता कोण करून देतंय म्हणात, तर तेका काम देव नका."

एवढा राग आला मला त्याचा! इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी धड उत्तर दिलं होतं आणि नेमकं तेच मला नको होतं. मी त्याला दुसरा पेला विचारलासुद्धा नाही. त्याने बिचाऱ्याने सगळं नीट लिहिलं, कागद तांब्याखाली ठेवला आणि गेला. मी तो कागद उचलून देव्हाऱ्याच्या फळीवर टाकला, डोळ्याआड.

तिसरा बाळा. याला बोलवायला लागलं नाही, आपणहून आला. बाळा म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. अलीकडे कॉन्ट्रॅक्टरी करतो. येऊन खळ्यात उभाच राहिला, तोंड एवढंसं करून.

"काकी, घरात माणूस असताना शिरोड्याचो माणूस हाडलंस? माका लोक विचारतत."

"बस रे. तू पण दे कोटेशन. लिहून दे."

"घरच्या कामाक कोटेशन?" त्याने ह्यांच्याकडे बघितलं. "काका, ऐकलास? उद्या काकी माझ्याकडसून जेवणाचे पैशे घेतली."

हे हसले. झालं! पुरुष माणसं हसली की व्यवहार संपला. "घरचो झील आसा," हे म्हणाले. "तो काय आपणाक फसवतलो?"

"मे संपायच्या आत गाडी दारात आणतंय," बाळा म्हणाला. "अपेक्षा माझी भयण नाय?"

मी म्हटलं, "पायऱ्यांना हात लावायचा नाही. खाली खडी पडल्याशिवाय नाही."

"नाय गो काकी."

"असं नाही. माझा विश्वास नाही."

मग ह्यांनी तोडगा काढला. पायऱ्यांच्या पायथ्याशी, चाफ्याखाली आमच्या राखणदाराचा दगड आहे. या टेकाडाचा मालक तो, आम्ही नावापुरते. जमिनीला कुदळ लावायची तर त्याला सांगितल्याशिवाय नाही. "थय गाऱ्हाणा घालूया," हे म्हणाले. "राखणदारासमोर कोण खोटा बोलता?"

आम्ही सगळे खाली गेलो. ह्यांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा म्हाराजा! चेडवाच्या पहिल्या बाळंतपणाक घरापर्यंत गाडी येवची म्हणान जा काम हातात घेतला आसा, ता पावसाच्या आत तडीस ने रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" बाळा सगळ्यांत मोठ्याने म्हणाला.

"खडी पडल्याशिवाय पायऱ्यांक कोणाचो हात लागाक नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी पण म्हटलं. म्हणताना माझ्या अंगावर काटा आला आणि मन एकदम हलकं झालं. माझ्या लेखी ते कोटेशनच होतं. कागदावर लिहून माणूस बदलतो, पण राखणदारासमोर होय म्हाराजा म्हटलेलं कोण मोडेल? फळीवरचा निलेशचा कागद मी विसरून गेले. दुसऱ्याच दिवशी विहीणबाईंना फोन करून सांगितलं, काम सुरू होतंय, मी पोरीला न्यायला येते.

अपेक्षा आठव्या महिन्यात आली. पायऱ्या चढताना मी तिच्या मागे होते, हात पुढे धरून. गडग्यावर बसत, पाणी पीत, हसत ती चढली. "आये, मी काय काचेची आसंय?" म्हणाली. वर आल्यावर रंगवलेली खोली बघून तिचे डोळे भरून आले. माझ्या हातचं पेजेचं जेवण जेवली आणि पाळण्याचा दोर ओढून बघितला.

पंधरवडा गेला. खडी पडली नाही. बाळा रस्त्यात भेटला की "फाल्या" म्हणायचा. आमच्याकडे फाल्या म्हणजे उद्या, पण बाळाचा फाल्या कधी उजाडत नव्हता. माझ्या मनात आतून काहीतरी कुरतडायला लागलं होतं. ह्यांना बोलले तर म्हणाले, "राखणदारार सोडलेला आसा मां? मग गप रव."

मग तो दिवस. मी डिंक, खारीक आणि खोबऱ्याच्या वाट्या आणायला बाजारात गेले होते. दुपारी रिक्षाने परत येताना समोरून जेसीबी गेला. पिवळा, दातांना ताजी तांबडी माती. मागून बाळा मोटारसायकलवर, मला बघून त्याने हात केला. "जोरात घे रे," मी रिक्षावाल्याला म्हटलं.

पायऱ्या नव्हत्या.

चाफ्याखाली राखणदाराचा दगड जागच्या जागी होता, आणि त्याच्या मागे टेकाड सोललेलं. सासऱ्यांचे चिरे घळीत कलंडून पडलेले. वळण होतं तिथे नुसती उभी तांबडी माती, तीही भुसभुशीत, आपोआप खाली सरकणारी. आणि वर, अगदी कडेला, माझी पोर पोटावर हात ठेवून उभी.

"आये! मी खाली येवू?"

"हलू नको!" मी अशी ओरडले की रिक्षावाला गाडीतून बाहेर आला. "थयच उभी रव! मागे हो! मागे हो गो बाये!"

मी पिशवी तिथेच टाकली आणि चढले. चढले कसली, काजूची मुळं धरून रांगले. दोनदा घसरून खाली आले, नखं मातीने भरली, साडी फाटली. वर पोचल्यावर आधी तिला खळ्याच्या आत ओढली आणि मग मला रडू फुटलं. हे ओट्यावर बसले होते, चेहरा पांढराफटक. "मी नको म्हणत होतंय," एवढंच बोलले. "तो म्हणालो, काका, वायच मोकळा करून ठेवतंय."

बाळाला फोन लावला. लागला, हे नशीब.

"काकी, कुणकेश्वराक एक अर्जंट काम इला. फाल्या येतंय."

"राखणदारासमोर होय म्हाराजा म्हटलंस तू!"

"म्हटलंय मां. सगळ्यांनी मिळान म्हटला. आता तेची मर्जी झाली काय होतला."

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" मी किंचाळले. त्याने फोन ठेवला आणि नंतर उचलला नाही.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. अपेक्षा उठली की मी उठायची. तिने कूस बदलली की माझे कान टवकारायचे. कमरेवर हात ठेवला की मी विचारायची, दुखतं का? ती चिडायची. मग एकदा ती चिडली नाही. दुपारची वेळ, ती पाळण्याचा दोर धरून उभी होती, आणि म्हणाली, "आये, वायच कसातरी होता. मागसून पुढे येता आणि जाता." खळ्याच्या कडेला जाऊन मी खाली बघितलं. खाली डांबरी रस्ता इतका जवळ दिसत होता! ॲम्ब्युलन्स बोलावली तर ती तिथे येऊन उभी राहील. दिवा फिरवत. मला तो दिवा दिसायलाच लागला.

आणि तेवढ्यात त्या तांबड्या मातीतून कोणीतरी वर चढताना दिसलं. तुळसा. खांद्यावर काथ्याचा दोर, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. आमच्याच काय, कुणाच्याच घरी पोटुशी असली की ती पाऊल टाकत नसे. वर आली, धापा टाकत अपेक्षासमोर उभी राहिली, तिच्या पोटाकडे बघितलं आणि विचारलं, "दुखता?"

"येता आणि जाता," अपेक्षा म्हणाली.

"आता गेला?"

"होय."

तुळसा माझ्याकडे वळली. "काकी, आताच खाली चला. दुखूक लागल्यावर नाय. चलता येता थोपर्यंत."

"अगो, पण खोली, पाळणा... पहिलं बाळंतपण," मी काहीतरी बरळत होते. "विहीणबाई काय म्हणतील? मी मोठ्या तोंडाने आणली तिला."

"काकी," तुळसा म्हणाली, "माका तेव्हा कोणी सांगूक नाय."

मी गोणपाट आणायला आत वळले.

ह्यांनी दोर फणसाच्या खोडाला बांधला आणि हातात धरून उभे राहिले. अपेक्षाला आम्ही गोणपाटावर बसवलं. पुढे तुळसा, तोंड पोरीकडे, पाठ उताराकडे, टाचा मातीत रोवून. मागे मी, अपेक्षाच्या काखेत हात घालून. एक वीत सरकायचं, थांबायचं. पुन्हा एक वीत. वळणाच्या जागी माती सुटली आणि आम्ही तिघी एकदम खाली गेलो. अपेक्षा "आये!" म्हणून ओरडली. तुळसाने पाय आडवा घातला, तिच्या नडगीवरून चिऱ्याचा तुकडा घासत गेला, रक्त आलं, पण ती हलली नाही. "बघ माझ्याकडे," ती पोरीला म्हणत होती. "खाली बघू नको. माझ्याकडे बघ." मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं तर तोंडात मातीच गेली. मनात एकच चाललं होतं, इथे नको, आत्ता नको, इथे नको.

खाली पोचलो तेव्हा अपेक्षा चाफ्याला टेकून रडत होती. मी विहीणबाईंना फोन लावला. "न्या हिला," मी म्हटलं. "माझ्याकडे वाट नाही." वाटलं, आता बोलतील. "समर्थ निघालो," एवढंच म्हणाल्या.

गाडी आली. मी अपेक्षाबरोबर बसले. तुळसा रस्त्याच्या कडेला, तिच्या वेळी ॲम्ब्युलन्स उभी होती तिथेच उभी होती, नडगीला फडकं बांधून. "बस गाडीत," मी म्हटलं, "पाय दाखवून येऊ." तिने नको म्हणून मान हलवली. गाडी वळेपर्यंत ती तशीच उभी होती.

कसालला जाऊन अंग धुतो न धुतो तोवर कळा आल्या. खऱ्या. विहीणबाईंनी गाडी दारातून हलवूसुद्धा दिली नव्हती, समर्थने तशीच सुरू केली. दवाखान्यात पोचल्या पोचल्या पोरीला आत नेलं. बाहेर बाकावर मी आणि विहीणबाई. मी त्यांचा हात धरला होता की त्यांनी माझा, देव जाणे. गळ्याभोवती नाळेचा फास होता, डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. "थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. वेळेत आणलंत." माझ्या डोळ्यांसमोर रंगवलेली खोली होती, पाळण्याचा दोर होता, आणि खाली उभी असलेली, वर न येणारी गाडी.

मुलगी झाली. नर्सने दुपट्यात गुंडाळून आणली आणि विहीणबाईंनी ती आधी माझ्या हातात दिली. माझ्या नखांत अजून तांबडी माती होती.

मी फोन काढला. ह्यांना नाही, आधी तुळसाला लावला. तिने लगेच उचलला, जणू हातातच धरून बसली होती.

"तुळशे, चेडू झाला."

मला वाटलं फोन कट झाला. मग अगदी बारीक आवाजात तिने विचारलं, "काकी, रडला मां?"

मी फोन नातीच्या तोंडाशी नेला. ती भोकाड पसरून रडत होती, आणि मी तिला उगी केलं नाही. ऐकू दिलं.